पाणी तपासायचे कुठे?

१२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टैहून निघालेली पाण्याची रेल्वेगाडी चेन्नईच्या विल्लीवाक्कम स्थानकात पोहोचली. ५० वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण २५ लाख लिटर पाणी. महाराष्ट्रातील वाचकांना एप्रिल २०१६ मधली मिरज-लातूर ‘जलदूत’ आठवेल. लातूर अवर्षणग्रस्त पट्ट्यात येते. चेन्नईत मात्र वर्षाला सरासरी १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरमबाक्कम हे चारही जलाशय आटले आणि सुमारे दोनशे किलोमीटरवरून आलेले कावेरीचे पाणी वाघिणींतून उतरवून घेण्याची वेळ या शहरावर आली.

त्या गाडीने शहराची तहान भागली नाही, हे आकडेच सांगतात. कपात करूनही त्या महिन्यांत शहराला दररोज सुमारे ५२ कोटी लिटर पाणी दिले जात होते; एका गाडीतील पाणी त्याच्या अर्धा टक्काही नव्हते. पण मला आज टंचाईविषयी लिहायचे नाही. विल्लीवाक्कमहून ते पाणी किलपॉकच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेले गेले आणि प्रक्रियेनंतर शहराच्या जलवाहिन्यांत मिसळले. किती गाड्या आल्या, किती लिटर उतरले, किती कोटी खर्च झाले, हे सारे वर्तमानपत्रांत छापून येत होते. केंद्राच्या फाटकाबाहेर पडल्यावर त्या पाण्याचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. आपल्याकडे ‘पाणी आले का?’ असे विचारतात, ‘कसे आले?’ असा प्रश्न साथ आल्यावरच सुचतो.

विल्लीवाक्कमला लागूनच अण्णा नगर आहे आणि मी तेथे राहतो. १९६८च्या व्यापार प्रदर्शनासाठी उभारलेला मनोरा ही या वसाहतीची खूण. प्रदर्शनानंतर गृहनिर्माण मंडळाने येथे रुंद रस्ते आणि चौकोनी भूखंड आखले. नियोजनाचा नमुना म्हणून दाखवावी अशी ही वसाहत आहे, आणि तरीही येथे पाणी येते ते ठरावीक वेळेपुरते आणि कमी दाबाने. म्हणून इमारतीच्या फाटकाशी जमिनीखाली टाकी असते. वाहिनीचे पाणी तिच्यात उतरते, मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते आणि तेथून ते नळाला येते. नळाशेजारी आरओ यंत्र असते किंवा विकतचा २० लिटरचा जार. साठवण, उपसा आणि शुद्धीकरण ही पाणीपुरवठ्याची तिन्ही कामे प्रत्येक कुटुंब स्वतःच्या खर्चाने करते आणि शिवाय पाणीपट्टीही भरते. ज्यांना ती यंत्रे परवडत नाहीत, ते हातपंपावर किंवा टँकरपाशी रंगीत प्लास्टिकच्या घागरी घेऊन उभे राहतात आणि मिळेल ते पाणी पितात.

पाण्याच्या शुद्धतेविषयी हे शहर नेहमीच उदासीन होते असे नाही. मद्रासला पुळलच्या तलावाचे पाणी मिळू लागले ते १८७२ मध्ये. उघड्या मातीच्या कालव्यातून ते किलपॉकला येई आणि न गाळताच घरोघरी जाई. पुढची चार दशके शहराने तेच पाणी प्यायले. अखेर १९१४ मध्ये जेम्स मॅडली या अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदिस्त वाहिनी आणि वाळूच्या संथ गाळण्या उभ्या राहिल्या. अधिक पाणी नव्हे, तर चांगले पाणी हवे, या विचाराने झालेला तो मोठा खर्च होता. त्यानंतरचा बहुतेक पैसा स्रोत शोधण्यात गेला.

त्या शोधाची व्याप्ती थक्क करणारी आहे. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेच्या पाण्यातील प्रत्येकी ५ टीएमसी वाटा महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी मद्रासला देण्याचे १९७६ मध्ये मान्य केले. ते पाणी तमिळनाडूच्या सीमेवर यायला १९९६ उजाडले. वीराणम तलावातून दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीची वाहिनी आली. २०१०मध्ये मिंजूरला आणि २०१३मध्ये नेम्मेलीला समुद्राचे पाणी गोडे करणारे, दिवसाला प्रत्येकी १० कोटी लिटर क्षमतेचे प्रकल्प सुरू झाले. २०२४मध्ये नेम्मेलीला १५ कोटी लिटरची भर पडली आणि पेरूर येथे ४० कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पाचे काम हाती घेतले गेले. नदी, तलाव, समुद्र, रेल्वे यांपैकी काहीही या शहराने सोडले नाही.

शुद्धीकरण केंद्रांविषयी माझी तक्रार नाही. तेथे तुरटीने गढूळपणा खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात, क्लोरीन देतात. प्रयोगशाळा आहेत, रसायनतज्ज्ञ आहेत. खरा घोटाळा पुढे आहे. वाहिनीत चोवीस तास दाब असेल, तर फटीतून पाणी बाहेर जाते. पाणी वाया जाते, पण दूषित होत नाही. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होते आणि त्याच फटीतून आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते. शेजारून मैलावाहिनी जात असेल, तर काय आत येते हे सांगायला नको. त्यात घरोघरी थेट वाहिनीला मोटर लावून पाणी खेचण्याची सवय. ती या ओढीला जोरच देते. केंद्रातून निघताना दिलेले क्लोरीन या वाटेवर खर्ची पडते. उरलेसुरले जमिनीखालच्या टाकीत संपते.

म्हणूनच पाणी कुठे तपासले, याला पाणी तपासले की नाही याइतकेच महत्त्व आहे. भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १०५००’ या मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे आणि १०० मिलिलिटरच्या नमुन्यात ई-कोलाय जिवाणू एकही आढळू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने राज्यांच्या राजधान्यांतील नळांच्या पाण्याचे अहवाल जाहीर केले. मुंबईचे दहाही नमुने उत्तीर्ण झाले. चेन्नईचे दहाही नमुने कोणत्या ना कोणत्या निकषावर नापास झाले. दिल्लीत त्यावरून केंद्र आणि राज्य सरकारांत भांडण जुंपले. एवढ्या मोठ्या शहरासाठी दहा नमुने फारच थोडे, आणि ते वर्ष टंचाईचे होते, हे आक्षेप रास्त आहेत. पण मग शंभर नमुने घ्या, हजार घ्या, पाऊस भरपूर झालेल्या वर्षी घ्या आणि तेही जाहीर करा, असे म्हणणारा अधिकारी माझ्या तरी पाहण्यात आला नाही.

तसे म्हणण्याची सक्ती त्याच्यावर नाही, हे खरे दुखणे. महापालिकेच्या किंवा मंडळाच्या नळाला हे मानक कायद्याने बंधनकारक नाही. नळाचे पाणी मानकात बसले नाही म्हणून कोणाला दंड होत नाही. चेन्नईत आणखी एक पेच आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा हा नगरपालिकांच्या कामांच्या यादीत घातला. येथे मात्र १९७८च्या कायद्याने तो वेगळ्या मंडळाकडे गेलेला आहे आणि त्या मंडळाचे अध्यक्षपद राज्याच्या मंत्र्याकडे असते. १६८८ साली स्थापन झालेली, देशातील सर्वांत जुनी म्हणून मिरवणारी महापालिका शहराला पाणी देत नाही. माझ्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे गढूळ पाण्याची तक्रार केली, तर तो फार तर मंडळाच्या अभियंत्याला दूरध्वनी करू शकतो. २०१९च्या टंचाईत तर नगरसेवकही नव्हते. २०१६ पासून २०२२ पर्यंत येथे निवडणूकच झाली नाही. पुरवठा करणारेही तेच आणि पाणी चांगले असल्याचा निर्वाळा देणारेही तेच, ही व्यवस्था आपण हॉटेलाच्या बाबतीतही चालवून घेत नाही.

यंत्रे आणि जार हा यावरचा उपाय नव्हे. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये गुलियन-बारेचे रुग्ण अचानक वाढले. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत, म्हणजे बहुतांशी महापालिकेत नव्याने आलेल्या गावांत, ते एकवटले होते आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. तेथे विहिरीचे पाणी गाळण्याची प्रक्रिया न होता केवळ क्लोरीन टाकून पुरवले जात होते. महापालिकेने त्या भागातील खासगी आरओ केंद्रांचेही नमुने घेतले, तेव्हा त्यांतील अनेक नमुने पिण्यास अयोग्य ठरले आणि ती केंद्रे बंद करावी लागली. नळावर विश्वास नाही म्हणून लोक ज्या पाण्याकडे वळले होते, ते तपासण्याची कोणाला गरजच वाटली नव्हती. शिवाय आरओ यंत्र एक पेला पाणी देताना त्याहून अधिक पाणी मोरीत सोडते. ज्या शहराने रेल्वेने पाणी आणले, त्याच्या स्वयंपाकघरांत हे रोज घडते.

मुंबईचा दाखला मी मुद्दाम देतो, कारण मुंबईतही पाणी चोवीस तास नसते. तलाव राखीव जंगलांत आहेत, भांडुपचे केंद्र मोठे आहे, अनेक मुख्य वाहिन्या आता खोल बोगद्यांतून जातात, हे सगळे आहेच. पण त्याबरोबर प्रभागांतून रोज नमुने गोळा होतात आणि कोणत्या प्रभागातील किती टक्के नमुने अयोग्य निघाले, याचा तक्ता महापालिकेच्या पर्यावरण स्थिती अहवालात छापला जातो. तो वर्षातून एकदाच येतो, म्हणजे गेल्या पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याची वार्ता पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर कळते. तरी तक्ता असल्यामुळे बातमी होते, प्रश्न विचारता येतो. ओडिशातील पुरी या मध्यम आकाराच्या शहराने २०२१ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले: चोवीस तास पुरवठा आणि थेट नळाचे पाणी पिण्याची हमी. सतत दाब ठेवणे हाच त्या योजनेचा पाया आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत’ योजनेच्या २०२१च्या दुसऱ्या टप्प्यातही ‘नळातून थेट प्या’ हे शब्द आहेत, आणि अण्णा नगरसारखी आखीव वसाहत अशा प्रयोगासाठी सोयीची आहे.

ग्रामीण भागासाठीच्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण आणि चाचणी संच देण्याची तरतूद आहे. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही, हे मान्य. पण पाणी पिणाऱ्याने ते तपासावे ही कल्पना गावासाठी सरकारला सुचली आणि शहरासाठी सुचली नाही, याचे मला नवल वाटते. शहरातील नागरिकाला भरायचे असते ते देयक.

मग निदान त्या देयकाचा उपयोग करावा. येथील बहुतेक घरांना मीटर नाहीत. किती पाणी वापरले हे देयकावर छापता येत नाही. जे छापता येईल ते असे: गेल्या सहा महिन्यांत आपल्या प्रभागातील किती नळांवर नमुने घेतले, शेवटचा नमुना कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या तारखेला घेतला, त्यात क्लोरीन किती उरले होते, ई-कोलाय आढळला का, आणि हे तपासले कोणी. तपासणारी प्रयोगशाळा मंडळाची नसावी. गिंडीची किंग इन्स्टिट्यूट या शहरात शंभराहून अधिक वर्षे उभी आहे. पेरूरच्या प्रकल्पावर होणाऱ्या खर्चाशेजारी या कामाचा खर्च ठेवून पाहिला, तर तो दिसणारही नाही. नव्या प्रकल्पाचे पाणी त्याच जुन्या वाहिन्यांतून, त्याच रिकाम्या होणाऱ्या नळांतून घरी येणार आहे, तेव्हा ही तपासणी पेरूर सुरू होण्याआधी लागू झालेली बरी.