होल्डनच्या थापांचा जमाखर्च

आमचे एक स्नेही सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) वाचून कडाडले, “जगाला ढोंगी म्हणतो आणि स्वतः थापा मारतो! लबाड कार्टं!”

मी पडलो बँकेतला कारकून. थाप म्हटली की आधी जमेची बाजू बघतो. सोळा वर्षांचा होल्डन शाळेतून नाव काढल्यावर रात्रीच्या गाडीने न्यूयॉर्कला निघतो. डब्यात भेटते वर्गातल्या एका महाद्वाड पोराची आई. हा तिच्यापुढे त्याचे गोडवे गातो, स्वतःचं नाव सांगतो वसतिगृहाच्या शिपायाचं, वर मेंदूत गाठ असल्याचंही ठोकून देतो. जमा काय? शून्य! माउली तेवढी सुखावली.

धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेला, त्या रात्री याने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या होत्या. ते गाडीतल्या परक्या बाईला कसं सांगणार? म्हणून मेंदूतली गाठ! दुखणं खरं हो, जागा तेवढी खोटी.

शिवाय आपण थापाडे आहोत हे तो वाचकाला आपणहून सांगतो. आम्ही मात्र “साहेब मीटिंगमध्ये आहेत” म्हणतो, साहेब आत चहा पीत असतात आणि त्या थापेचा आम्हाला पगार मिळतो. आता लबाड कोण?