गृहसंस्थेचा व्यवस्थापक : नोकर की धनी?

कल्याणपलीकडे रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंस इमारतींची जी दाट वस्ती उभी राहिली आहे, तिच्याबरोबर कलहाचे एक नवे क्षेत्रही वाढले आहे. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली आणि त्यानंतरची वाढ तर डोळ्यांना दिसतेच आहे. अंबरनाथची कथा फारशी निराळी नाही. मुंबईत जागा न परवडणारा शिक्षक किंवा कारकून येथे कर्ज काढून घर घेतो आणि त्या घराबरोबर एका संस्थेचा सभासदही होतो. या दुसऱ्या नात्याची जाणीव त्याला होते ती बहुधा भांडण सुरू झाल्यावर.

ही भांडणे ठराविक असतात. समितीने सभेस न विचारता रंगकामाचा ठेका दिला. सचिव आणि खजिनदार यांचे पटेना. जुनी समिती नव्या समितीच्या हाती दप्तर देईना. मोठ्या संकुलांत आता यात पगारी व्यवस्थापकाची भर पडली आहे. पाण्याचे टँकर तोच मागवितो, सुरक्षारक्षक तोच नेमतो, लिफ्टच्या दुरुस्तीची दरपत्रके तोच आणतो. हळूहळू सभासद समितीस सोडून त्याच्याच दाराशी जाऊ लागतात आणि संस्था नेमकी कोण चालवितो, असा प्रश्न उभा राहतो.

कायद्यात या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ७२ नुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेत एकत्र येणाऱ्या सभासदांचा असतो. कलम ७३ नुसार दैनंदिन कारभार समितीकडे असतो. समितीने सभेच्या मंजुरीवाचून दुरुस्तीवर किती खर्च करावा, याची मर्यादाही आदर्श उपविधींनी घालून दिली आहे. घोटाळा अधिक होतो तो १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली स्थापन झालेल्या संघटनांत. तेथे निवडून आलेल्या समितीसच ‘व्यवस्थापक मंडळ’ म्हणतात आणि या मंडळास पगारी व्यवस्थापक नेमण्याची मुभा असते. नावे इतकी जवळची की मालक कोण आणि नोकर कोण, हे सामान्य रहिवाशास उमगू नये! शिवाय सहकारी संस्थेत एका सभासदास एक मत असते, तर येथे मताचे वजन मालकीच्या हिश्श्याप्रमाणे ठरते. घर घेताना हा फरक किती जण विचारतात?

कायदा स्पष्ट असूनही सत्ता घसरते, याचे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही. सामाईक कामाचा लाभ सर्वांस मिळतो, कष्ट मात्र एखाद्यालाच पडतात. म्हणून जो तो दुसऱ्याने कष्ट घेण्याची वाट पाहतो. बदलापूरहून मुंबई सुमारे ६८ किलोमीटर. सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला परतणारा माणूस रविवारची सभा टाळतो, यात नवल ते काय? समितीचे काम मानधनाविना करणाऱ्यासही तीच लोकल पकडावयाची असते. मग दिवसभर जो जागेवर असतो, त्याच्या हाती किल्ल्या जातात, किल्ल्यांबरोबर माहिती जाते आणि माहितीबरोबर अधिकार जातो. यात व्यवस्थापक लबाडच असला पाहिजे असे मुळीच नाही. तो प्रामाणिक असला, तरी त्याने आणलेली तीन दरपत्रके पडताळून पाहण्यास कोणास सवड नसेल, तर निर्णय त्याचाच झाला.

या कलहाची किंमत केवळ मनस्तापात मोजून भागणार नाही. उल्हासनगरात २०२१ च्या मे महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवाशांचे प्राण गेले. त्या दुर्घटनांचे खापर कोणत्याही समितीच्या भांडणावर फोडण्याचा माझा हेतू नाही. परंतु आदर्श उपविधी १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी करावयास सांगतात. ज्या संस्थेत धनादेशावर सही कोणी करावी याचाच तंटा आहे, तेथे ही तपासणी कोण करविणार? पावसाळा समितीच्या ऐक्याची वाट पाहत नाही.

कलम ९१ खाली सहकारी न्यायालयाचे दार उघडे आहे आणि काही तंट्यांत तेथे जाण्यावाचून गत्यंतर नसते, हे खरे. निबंधकाकडे तक्रार करून प्रशासक आणविण्याचा मार्ग मात्र अनेकांना वाटतो तितका सुखाचा नाही. प्रशासक बाहेरचा असतो. मोठा खर्च अंगावर घेण्यास तो सहसा कचरतो आणि रखडलेली दुरुस्ती आणखी रखडते.

त्यापेक्षा व्यवस्थापकाच्या अधिकारांचा लेखी ठराव सर्वसाधारण सभेतच का होऊ नये? त्याने स्वतःच्या जबाबदारीवर किती रुपयांपर्यंत खर्च करावा, याचा आकडा त्यात असावा. तो फार लहान ठेवला, तर बंद पडलेल्या लिफ्टसाठीही समितीची बैठक बोलवावी लागेल. बँकेच्या खात्यावर त्याची सही नसावी आणि इतिवृत्ताचे पुस्तक त्याच्या कपाटात नसावे. करार एका वर्षाचा असावा व त्याचे नूतनीकरण सभेपुढे यावे. अशाने आपले हात बांधले जातात, अशी तक्रार समित्या करतील. विनामोबदला राबणाऱ्यांवर ऊठसूट संशय घेणाऱ्या सभासदांचा अनुभव पाहता ती अगदीच निराधार नाही. हिशेब मागणे वेगळे आणि चोर ठरविणे वेगळे; पण इतिवृत्त व ताळेबंद पाहण्याचा आणि शुल्क भरून त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क कायद्यानेच सभासदास दिला आहे, हेही समितीने ध्यानात ठेवावे.

सहकारी गृहसंस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयाची असते. तिच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घेण्यास समिती राजी नसेल, तर एक पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवरून महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. साठ घरांच्या इमारतीत त्या बारा सह्या होतात.