फुकटच्या अनुभवाची नवी वेठ



वेठबिगार संपली असं शाळेच्या पुस्तकात छापलंय. संपलीबिंपली काही नाही. तिने नाव बदललं. आता ती इंग्रजी बोलते, हातमागाचा झब्बा घालते आणि तिला इंटर्नशिप म्हणतात. पूर्वी दवंडी यायची, आता फॉर्म येतो. पदवीधर हवा, वस्तीत काम करण्याची आवड हवी, सहा महिने पूर्ण वेळ, मानधन नाही, शेवटी सर्टिफिकेट मिळेल.

हा फॉर्म बड्या कंपनीचा नाही. कंपनीशी आपलं भांडण जुनं आहे, तिथं शत्रू ओळखू येतो. हा फॉर्म काढतात छोट्या कलासंस्था. वस्तीत नाटक बसवणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्या, पोरांच्या हातात कॅमेरा देणाऱ्या, म्हाताऱ्या बायांची गाणी टेप करणाऱ्या. ह्यांच्या ऑफिसात भिंतीवर जोतीरावांचा फोटो असतो, बाबासाहेबांचा असतो. म्हणूनच ह्यांच्याविषयी लिहायला आपली माणसं कचरतात. मी कचरत नाही. मी गोदीत माल उचलतो, कविता लिहितो आणि मॅट्रिक आहे. ह्यांच्या फॉर्मला मी मुळात बसतच नाही, तेव्हा माझा अर्ज फाडला जाईल ही भीती मला नाही.

प्रश्न साधा आहे. सहा महिने फुकट काम कोण करू शकतो? ज्याच्या बापाच्या खात्यात पैसा आहे, ज्याचं घर मुंबईत स्वतःचं आहे, ज्याची आई दुसऱ्याच्या घरची भांडी घासत नाही, तो. म्हणजे दारावर 'सर्वांना प्रवेश' अशी पाटी लावायची आणि दाराची फी लावायची सहा महिन्यांची भाकर. कुणाला 'तुझी जात कोणती' असं विचारायची गरजच उरत नाही. पोट विचारलं की जात आपोआप कळते.

आमच्या वस्तीतल्या एका पोरीचं सांगतो. घरातली पहिली पदवीधर. बी. ए. झाली त्या दिवशी तिच्या आईने आख्ख्या गल्लीला पेढे वाटले. पोरीला गाण्याचा कान आहे. आजीकडून ऐकलेल्या ओव्या, पाळणे, भीमगीतं तिला तोंडपाठ. अशा एका संस्थेत ती इंटर्न म्हणून लागली. संस्थेचं नाव घेत नाही. नाव कुठलंही घातलं तरी पुढची हकीकत बदलत नाही. सहा महिने ती गल्लोगल्ली फिरली. बाहेरच्या माणसाला ज्या बायांनी दार उघडलं नसतं त्यांनी तिला आत घेतलं, कारण ती त्यांचीच नात होती. तिने गाणी उतरवून घेतली, अर्थ लावले, बोलीतले शब्द समजावून दिले, वर सतरंज्या उचलल्या आणि चहाचे कप विसळले. मग काळ्या घोड्याच्या बाजूला प्रदर्शन लागलं. भिंतीवर बायांचे मोठमोठे फोटो, खाली संकल्पना अमुक, संशोधन तमुक. पोरीचं नाव आभाराच्या यादीत, कॅटररच्या नावाच्या वर. पुढे पगाराची जागा निघाली तेव्हा तिला सांगितलं, तुझा अनुभव कमी पडतो. जागा गेली परदेशातून कलाव्यवस्थापन शिकून आलेल्या बाईला. त्या बाईंना मराठी येत नव्हतं. ते शिकवायला त्यांना एक नवी इंटर्न दिली, तीही फुकट.

आता म्हणतील, अहो, ती शिकत होती, शिकताना कसला पगार? ह्याचं उत्तर गोदीतला कुठलाही अडाणी माणूस देईल. गोदीत नवा गडी येतो तेव्हा त्याला काही येत नाही. गोण कशी उचलावी, पाठ कुठे वाकवावी, क्रेनखालून केव्हा सरकावं, सगळं टोळीतली जुनी माणसं शिकवतात. पहिला आठवडा तो कामापेक्षा अडचणच जास्त करतो. तरी त्याची हजेरी लागते आणि पाळी संपली की पैसे होतात. 'तू शिकतोयस, तेव्हा घरी जाऊन उपाशी झोप' असं आमचा मुकादमसुद्धा म्हणत नाही, आणि आमचा मुकादम काही संत नव्हे. मुकादमाला जे कळतं ते सतरा सेमिनार केलेल्या संचालकाला कळत नाही?

कळतं. सगळं कळतं. पण फुकट राबणारा हात मिळतोय तोवर कळून घ्यायचं नसतं.

आपल्या आज्या-पणज्यांना हे नवीन नाही. महार वतन हे असंच होतं. गावकीचा निरोप्या तूच, येसकर तूच, मेलेलं ढोर ओढणारा तूच, साहेबाच्या घोड्यापुढे धावणारा तूच. मोबदला काय? तुकडाभर इनाम जमीन, बलुतं आणि 'वतनदार' हा मान! मानाच्या नावाखाली पिढ्यानपिढ्या राबवून घेतलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात ह्या वतनाविरुद्ध बिल आणलं. वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. मान देऊन मजुरी बुडवायची ही युक्ती एवढी जुनी आहे. तेव्हा वतनदार म्हणायचे, आता 'चेंजमेकर' म्हणतात.

घटनेचं कलम २३ बिगारीला बंदी करतं. १९८२ साली दिल्लीत एशियाडच्या बांधकामावर मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं, तेव्हा पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना सुप्रीम कोर्टात गेली. कोर्टाने सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच. माणूस भुकेपायी कबूल झाला असेल तर तीही सक्तीच, त्यासाठी हातात चाबूक लागत नाही. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यातसुद्धा शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन द्यावं लागतं. ह्यावर वकील म्हणेल, इंटर्न हा कामगारही नाही आणि अ‍ॅप्रेंटिसही नाही, तो राजीखुशीने आलेला स्वयंसेवक. शब्द बदलला की कायदा हात झटकतो, म्हणून तर शब्द बदलतात. पण लाज नावाचं एक कलम असतं, ते कुठल्याही शब्दाला लागू पडतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली कार्य प्रशिक्षण योजना काढली तेव्हा पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. मतांसाठी काढली असेल, सहा महिन्यांनी काय ह्याचं उत्तर तिच्यात नव्हतं. तरी 'शिकणाऱ्यालाही पोट असतं' एवढं तरी तिने मान्य केलं. क्रांतीच्या गोष्टी करणाऱ्यांना तेवढंही जमू नये?

मग येतो ठेवणीतला डायलॉग : 'आमची संस्था छोटी आहे हो, पैसा कुठाय?' हे सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. २०२० साली परदेशी देणगीच्या कायद्यात दुरुस्ती करून व्यवस्थापनाच्या खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, तेव्हा लहान संस्थांचे हाल झाले हे खरं. पण २०१३ च्या कंपनी कायद्याने बड्या कंपन्यांना सामाजिक कामावर नफ्याचे २ टक्के घालावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत कला-संस्कृतीही आहे. त्या पैशासाठी तुम्ही प्रस्ताव लिहिता ना? त्यात हॉलचं भाडं असतं, छपाई असते, सल्लागाराची फी असते. पोरांच्या नावाचा एक रकाना घालायला शाई संपते का? आणि खरोखरच पैसा नसेल तर सगळ्यांनाच नसू दे. चार जणांना पगार आणि पाचव्याला अनुभव, ह्याला गरिबी म्हणत नाहीत. ह्याला उतरंड म्हणतात, आणि उतरंड आम्हाला पाठ आहे.

'पण तुमच्या चळवळीतही लोक फुकटच राबले की!' राबले. आंबेडकरी जलसे गावोगाव गेले, वामनदादा कर्डक आयुष्यभर गात फिरले. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं, अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर रस्त्यावर उभे राहून गायले. पण तिथं गाणाराही आपला, ऐकणाराही आपला, भाकर एका टोपल्यातली आणि गाण्याखाली नाव गाणाऱ्याचं. वरती पगारी संचालक नव्हता. आणि त्या त्यागाची फार आरती करू नका. अण्णा भाऊ १९६९ साली गेले ते दारिद्र्यातच. त्यांची उपासमार हा आपल्यावरचा डाग आहे, तिचा दाखला देऊन आजच्या पोराला उपाशी ठेवता येणार नाही. शिवाय दीड दिवस शाळेत गेलेले अण्णा भाऊ ह्यांच्या 'पदवीधर हवा' ह्या फॉर्ममध्ये बसलेच नसते. नंतर त्यांच्याच पुतळ्यापाशी ह्यांनी कार्यशाळा घेतली असती.

आणि आपल्यालाही दोन शब्द. जयंतीच्या डीजेला लाख मोजणारी, बॅनरवर पुढाऱ्याचं थोबाड छापणारी आपली मंडळं कलापथकातल्या पोरांना वडापावावर वाटेला लावतात. दुसऱ्याकडे बोट दाखवताना हेही बघा. शाहिराला बिदागी आधी, मंडपवाल्याला नंतर, हा नियम आपल्या गल्लीत आधी लागू झाला पाहिजे.

ह्या संस्थांत जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा. तिथला कॅमेरा, कागद, जागा आपल्या वस्तीचं नाव सांगून मिळालेली आहे, ती आपलीच आहे. पण हात जोडून जाऊ नका, एकेकटे जाऊ नका. दहा जण मिळून जा आणि हे मागा :

१. शिकाऊ असो, इंटर्न असो, दर महिन्याला पैसे. निदान किमान वेतनाइतके.

२. कामाचे तास आणि कामाचं स्वरूप कागदावर. चहाचे कप सगळ्यांनी आळीपाळीने विसळायचे, संचालकानेसुद्धा.

३. ज्याने गाणं आणलं, ज्या बाईने गायलं, त्यांचं नाव कामाखाली. आभारात नाही, कामाखाली. आणि विक्रीत वाटा.

४. सहा महिन्यांनंतर जागा निघाली तर पहिला हक्क वस्तीतल्या पोराचा.

५. पदवीची अट काढा. वस्तीतली कला पदवीने केलेली नाही.

६. पैसा कुठून आला, कुठे गेला, ह्याचा हिशेब दर वर्षी वस्तीतच, मराठीत, मोठ्याने वाचायचा.

नाही म्हणाले तर वस्तीचं दार बंद करा. एकही ओवी द्यायची नाही, एकही फोटो काढू द्यायचा नाही. आपल्या म्हाताऱ्या गाईनाशा झाल्या, आपल्या पोरी वाट दाखवेनाशा झाल्या, की ह्यांचा प्रस्ताव कोरा राहतो. कोऱ्या प्रस्तावाला कुठलीही कंपनी पैसे देत नाही. ही ताकद आपल्या हातात आहे आणि ती वापरायला सर्टिफिकेट लागत नाही.

ती पोर सध्या एका दुकानात बिलं फाडते. संध्याकाळी आमच्या पथकात गाते. तिच्या वहीत अजून शंभरेक गाणी आहेत, तिच्या आजीची, माझ्या आईची, तुमच्याही कुणाची असतील. ती वही आपण छापायची, वर्गणी काढून, तिच्या नावाने, आणि तिला पैसे देऊन. पहिली वर्गणी माझ्या ह्या आठवड्याच्या पाळ्यांची. उरलेली कोण देतोय ते पुढच्या रविवारी बैठकीत सांगा.

जय भीम.