दोन झाडांमधला बिछाना

थंडी पडू लागली की बऱ्याच घरांत एक वाद ठरलेला असतो. मुलांना डोंगरात, नदीकाठी किंवा किल्ल्याच्या पायथ्याशी एक रात्र काढायची असते. अब्बांचं मन वळतं, पण अम्मीचा प्रश्न उरतोच, "झोपणार कुठे? जमिनीवर?" हा प्रश्न घाबरटपणाचा नाही. आपल्याकडे मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि त्याचे बरेचसे दंश जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. दंश एवढा हलका असतो की कित्येकदा झोपलेल्याला जागही येत नाही. म्हणून या महिन्यात आपल्या सदरात जमिनीपासून हातभर वर झोपायच्या सोयीबद्दल लिहिते. बाजारात तिला हॅमॉक म्हणतात. मी झोळीच म्हणणार आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांची पहिली झोप अम्मीच्या जुन्या साडीच्या झोळीतच झालेली आहे.

मोठ्या माणसांची झोळी मात्र अमेरिकेच्या उष्ण जंगलांतून आली. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हा तिथले ताइनो लोक झाडांमध्ये बांधलेल्या जाळीत झोपत होते. त्यांच्या 'हमाका' या शब्दावरूनच हॅमॉक आला. ओल, मुंग्या, विंचू आणि साप यांच्यापासून वर राहायचा तो साधा उपाय होता. युरोपच्या खलाशांनी तो उचलला, कारण जहाज डोललं तरी झोळीतला माणूस पडत नाही आणि सकाळी बिछाना गुंडाळून जागा मोकळी करता येते. मेक्सिकोतल्या युकातान भागात आजही अनेक घरांत पलंगाऐवजी झोळीच असते.

आज मिळणारी सफरी झोळी पातळ नायलॉनची असते आणि दोन मुठींत मावते. वजनाचा हिशेब मांडून पाहा. झोळी ५०० ग्रॅम, झाडाला बांधायचे दोन पट्टे ३०० ग्रॅम, वरचं छप्पर ७०० ग्रॅम, मच्छरदाणी ३०० ग्रॅम, फोमची चटई ३५० ग्रॅम आणि हलकी रजई ८०० ग्रॅम. सगळं मिळून तीन किलोंच्या आत. दोन जणांचा साधा तंबूच अडीच-तीन किलोंचा असतो, अंथरूण-पांघरूण वेगळं. पाठीवर ओझं घेऊन चढणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला हा फरक पहिल्या चढणीवरच कळतो.

पण झोळी स्वस्त आणि हलकी आहे म्हणून ती आपोआप सुरक्षित होत नाही. ती बांधायला शिकावं लागतं, आणि इथे मुलांचं दहावीचं गणित कामाला येतं.

झोळी ताणून, पलंगासारखी सपाट बांधावी असं प्रत्येक नवख्याला वाटतं. ते चूक आहे. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून खाली यायला हवा. साठ किलोंचा माणूस झोळीत बसला आणि कोन ३० अंश असला, तर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर साठ किलोंइतकाच ताण येतो. कोन १५ अंश केला की ताण ११६ किलो होतो, १० अंशांवर १७३, आणि ५ अंशांवर ३४४ किलो. माणूस तोच आहे, फक्त दोरी ताणली आहे. बाजारातली कडी तुटते किंवा झाड वाकतं ते बहुधा याच कारणाने. कोन मोजायला महागडं साधन नको. कंपासपेटीतला ३०-६०चा गुण्या पट्ट्याला लावून बघा.

दोन झाडांमधलं अंतर चार ते साडेचार मीटर असावं. पट्टा खोडाला साधारण माणसाच्या डोक्याच्या उंचीवर बांधावा. बसल्यावर झोळीचा तळ जमिनीपासून खुर्चीच्या बैठकीइतकाच, म्हणजे दीड फूट उंच राहिला पाहिजे. त्याहून उंच बांधण्यात काही शौर्य नाही. एकाच झाडाला वर-खाली दोन झोळ्या तर मुळीच बांधू नयेत.

या झोळीत लांबीच्या रेषेत सरळ झोपलं तर शरीर केळ्यासारखं वाकतं आणि सकाळी कंबर धरते. थोडं तिरकं, डोकं एका कडेला आणि पाय दुसऱ्या कडेला करून झोपावं. कापड सपाट होतं आणि पाठही सरळ राहते. यासाठी झोळी किमान तीन मीटर लांब हवी. बाजारातल्या आखूड झोळ्या दुपारी डुलकी घेण्यापुरत्या ठीक आहेत.

झाड निवडणं हे निम्मं काम आहे. आंबा, चिंच, जांभूळ, ऐन यांची मांडीपेक्षा जाड, जिवंत खोडं चांगली. शेवगा आणि पांगारा ठिसूळ असतात. निलगिरीच्या फांद्या वारा नसतानाही गळतात. माडाखाली कधीच नाही. नारळ आणि झावळ्या रात्री कुणाला विचारून पडत नाहीत. बिब्ब्याच्या झाडाला हात लावला तर कातडी भाजल्यासारखी होते. बांधण्याआधी मान वर करून पाहायची सवय लावा. वाळकी फांदी लटकते आहे का, पानं शिवलेलं लाल मुंग्यांचं घरटं आहे का, कड्याला किंवा फांदीला आग्या मोहोळ आहे का? मोहोळ दिसलं तर तिथून लांब जा, धूर करू नका. आणखी एक गोष्ट: रानात जाताना अत्तर लावू नका. उग्र वासाने माश्या चवताळतात.

झाडालाही इजा होऊ नये. बारीक दोरी साल कापते, आणि झाडाचं अन्न सालीखालच्या थरातूनच वाहतं. पट्टा किमान एक इंच रुंद आणि पॉलिएस्टरचा हवा. नायलॉनचा पट्टा ओला झाला की ताणतो आणि रात्रीत झोळी जमिनीला टेकते. निरगाठ मारली तर सकाळी ती सुटत नाही. म्हणून कडी अडकवता येईल असे फासे शिवलेले पट्टे घ्यावेत.

आता हवामानाचं पाहू. झोळी सगळीकडे तीच असते. बदलतं ते तिच्या वरचं आणि खालचं.

कोकणात हिवाळ्याच्या रात्रीही फारशा गार नसतात. तिथे शत्रू डास आणि दव. पातळ कापडातून डास खालून, थेट पाठीला चावतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मच्छरदाणी झोळीला सगळ्या बाजूंनी वेढणारी घ्यावी, किंवा खाली फोमची चटई घालावी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारच्या झोपेलाही जाळी लावा. छप्पर आभाळ निरभ्र असलं तरी बांधा, नाहीतर पहाटे रजई दवाने भिजलेली मिळेल.

घाटावरची कोरडी थंडी वेगळी. निफाडला काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली जातो. अशा ठिकाणी माणूस दोन रजया पांघरतो आणि तरीही पाठ गोठते, कारण थंडी खालून येते. हे समजायला पिंजाऱ्याकडे जावं. तो जुनी गादी पिंजून देतो तेव्हा कापूस तोच असतो, वजन तेच, पण ऊब परत येते. कारण धाग्यांमध्ये हवा भरते आणि ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. झोळीत आपल्या वजनाने पाठीखालची रजई दाबली जाते, हवा निघून जाते आणि खालून वारा लागतो. त्यावर उपाय दोन आहेत. न दाबली जाणारी फोमची चटई झोळीच्या आत घालायची, किंवा दुसरी रजई झोळीच्या बाहेरून, खाली टांगायची. जुन्या सिंथेटिक रजईच्या कडांना नेफा शिवून त्यातून नाडी ओवली की ही खालची रजई घरीच तयार होते. ती पाठीला नुसती टेकली पाहिजे. फट राहिली तर वारा शिरतो आणि घट्ट ओढली तर पुन्हा हवा दबते. रात्रीचं तापमान वीस अंशांच्या खाली जाणार असेल तर यातलं एक तरी हवंच. ओढ्याच्या तळाशी मुक्काम टाळावा. गार हवा जड असते, ती रात्री खोलगटात साचते.

पावसाळ्यात ओली जमीन झोळीला अडवत नाही, पण पाणी पट्ट्यावरून ओघळत थेट अंथरुणात येतं. छपराखाली, झोळीच्या टोकाजवळ पट्ट्याला वीतभर सुतळी बांधून लोंबकळत सोडायची. पाणी तिच्यावरून खाली ठिबकतं. युक्ती छोटी आहे आणि दर वेळी कामाला येते. तरीही सह्याद्रीच्या भर पावसात मुलांना घेऊन जाऊ नका. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तिथल्या वाऱ्यात आणि दरडींत नवख्यांचं काम नाही. ही युक्ती अवकाळी सरीपुरती ठेवा.

हिमालयात देवदाराची सरळसोट खोडं झोळीसाठीच उभी आहेत असं वाटतं. पण दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, आणि एका उंचीनंतर झाडंच संपतात. तिथे तंबूच न्यावा.

वाळवंटाचंही तेच. आपल्यातली बरीच कुटुंबं आखातात आहेत आणि हिवाळ्यात वाळवंटात रात्र काढायची तिथे रीतच आहे. तिथलं घाफ म्हणजे आपली शमी. संयुक्त अरब अमिरातीचं ते राष्ट्रीय झाड आहे. मोठ्या कष्टाने जगलेल्या त्या एकट्या झाडाला पट्टे बांधू नयेत. जमिनीवर जाड चटई घालावी किंवा घडीचा सांगाडा न्यावा. वाळवंटातली रात्र दिवसाच्या मानाने फार गार असते, एवढं लक्षात ठेवावं.

घरात किंवा गच्चीवर सराव करणाऱ्यांसाठी एक कडक सूचना. विटांच्या सुट्या खांबाला किंवा गच्चीच्या कठड्याला झोळी कधीही बांधू नका. साठ किलोंच्या माणसाने खांब आडवा ओढला जातो तो पन्नास किलोंहून अधिक ताकदीने. वीटकाम वरून भार सोसतं, आडवा ओढा सोसत नाही, आणि खांब पडतो तो झोळीतल्या माणसाच्याच अंगावर. लहान मुलांना झोळीत एकटं सोडू नये. कापडात गुरफटून श्वास कोंडू शकतो. मुलींनी बसताना ओढणी काढून ठेवावी किंवा नीट खोचावी, पट्ट्यात अडकू देऊ नये. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना झोळीतून उठणं अवघड जातं, त्यांच्यासाठी घडीची खाट बरी.

झोळी जमिनीपासून वर असली तरी चपला-बूट जमिनीवरच असतात. फजरला अंधारात उठताना आधी बॅटरी लावा, मग बूट झटका, मग पाय घाला. रात्री ते पिशवीत घालून टांगले तर अधिक चांगलं. कोकणात लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. पण औषध वेळेवर मिळालं तरच. विंचू असो वा साप, झाडफूक करण्यात वेळ घालवू नका. १०८ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. पहाटे कुणाच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, पोटात दुखू लागलं, तर दंशाची खूण दिसली नाही तरी मण्यारीची शंका घ्या. जंगलात मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, आणि कुठे आहोत हे घरी व गावच्या पोलीस पाटलांना सांगून ठेवा.

आता मुलींबद्दल थोडं. वर्गात ताणाचं गणित मुली मुलांइतकंच, कधी जास्त नीट सोडवतात. मग कोन मोजणं, पट्टा बांधणं, छपराची दिशा ठरवणं हे फक्त भावानेच का शिकावं? अब्बा-अम्मी बरोबर असताना एक रात्र सगळ्या कुटुंबाने बाहेर काढली, तर पुढे कॉलेजच्या शिबिराला पाठवताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. काय बघायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे तिला माहीत असेल.

या महिन्याचा गृहपाठ असा. पहिल्या रविवारी शेतात किंवा ओळखीच्या वाडीत दुपारी झोळी बांधा, गुण्याने कोन मोजा, प्रत्येकाने पंधरा मिनिटं तिरकं झोपून बघा. दुसऱ्या रविवारी छप्पर बांधून त्यावर बादलीभर पाणी ओता आणि आत कुठून येतं ते पाहा. तिसऱ्या आठवड्यात घराजवळच एक पूर्ण रात्र काढा, म्हणजे पाठ गार पडली तर घरात येता येईल. मुलांनी रात्री दहाचं आणि पहाटे पाचचं तापमान वहीत लिहावं, कुणाला कधी थंडी वाजली तेही. या तिन्ही गोष्टी नीट जमल्या की मग सफरीची तारीख ठरवा. निघताना पट्टे सोडल्यावर खोडावरून हात फिरवून साल शाबूत आहे ना ते बघा, आणि सुतळीचा तुकडासुद्धा मागे ठेवू नका.