चांगली कॅसेट हरली कशी?

काय दोस्तांनो, एक कोडं घालू? दोन मशीनं आहेत. पहिल्यावर चित्र जास्त स्वच्छ दिसतं, त्याची कॅसेटही छोटी, आणि ते बाजारात वर्षभर आधी आलेलं. मग जिंकणार कोण? "हे काय विचारणं झालं!" असंच म्हणाल ना? पण जिंकलं दुसरंच!

ही गोष्ट आहे व्हिडिओ कॅसेटची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती पाहिलीही नसेल, तेव्हा आईबाबांना विचारा. पुस्तकाएवढी काळी डबी आणि आत अर्धा इंच रुंदीची टेप. जपानच्या सोनी कंपनीनं १९७५ मध्ये घरगुती वापरासाठी 'बीटामॅक्स' आणलं. १९७६ च्या सप्टेंबरात जेव्हीसी या दुसऱ्या जपानी कंपनीनं 'व्हीएचएस' आणलं. टेपची रुंदी सारखीच, पण याची कॅसेट त्याच्या मशीनमध्ये जायची नाही. म्हणजे चुकीचं मशीन घेतलं की बसा हात चोळत!

बीटाचं चित्र सरस का होतं? टेपवर चित्र नोंदवतात ती छोटीशी 'हेड्स', आणि ती बसवलेली असतात भिंगरीसारख्या फिरणाऱ्या ड्रमवर. बीटाचा ड्रम सुमारे साडेसात सेंटिमीटर व्यासाचा, व्हीएचएसचा सहाच्या आसपास. दोन्ही सारख्याच फेऱ्या मारत. पण मोठ्या चाकाची कड एका फेरीत जास्त अंतर कापते, हे तुम्हा सायकलवाल्यांना मी काय सांगू? बीटाच्या हेडला तेवढ्याच वेळात टेपवर जास्त लांबीची रेघ ओढता यायची, म्हणून बारकावेही थोडे जास्त टिपता यायचे.

आता वही-पेन्सिल घ्या बरं. बीटाची टेप सेकंदाला ४ सेंटिमीटर सरकायची. तासाला किती? १४४ मीटर. आणि कॅसेटमध्ये टेप मावायची १५० मीटरच्या आसपास. म्हणजे तासाभरात खेळ खलास! व्हीएचएसची टेप तासाला सुमारे १२० मीटर सरकायची. शिवाय कॅसेट मोठी, तिच्यात २४० मीटरहून थोडी जास्त टेप बसायची. झाले की दोन तास!

टीव्हीवरचा एखादा कार्यक्रम तासाभरात मावतो. पण सिनेमा? आपला तीन तासांचा हिंदी पिक्चर तर मध्यंतराच्या आधीच थांबला असता! अमेरिकेतल्या आरसीए कंपनीची अडचण आणखी वेगळी. तिथला फुटबॉलचा सामना मधल्या विश्रांतीसकट तीन तास चालतो. घरी नसलेल्या माणसाला तो अख्खा टेप करून हवा, मध्ये उठून कॅसेट बदलायला आहे कोण? सोनीकडे एवढ्या वेळाचं मशीन नव्हतं. व्हीएचएसच्या बाजूला असलेल्या मात्सुशिता कंपनीनं मात्र टेपचा वेग निम्मा केला आणि १९७७ मध्ये आरसीएला चार तासांचं मशीन बनवून दिलं.

मग सोनी काय स्वस्थ बसली? छे! तिनंही १९७७ मध्येच वेग निम्म्यावर आणला. दोन तास मिळाले, पण त्याची किंमत मोजावी लागली. टेप हळू सरकली की हेडनं ओढलेल्या रेघा दाटीवाटीनं आणि बारीक बसतात, आणि चित्र उतरतं. ज्या स्वच्छ चित्राचा एवढा गवगवा होता ते जवळजवळ व्हीएचएसच्याच रांगेत येऊन बसलं. म्हणून 'चांगलं हरलं, वाईट जिंकलं' हे नेहमीचं पालुपद मला काही पटत नाही. घरच्या छोट्या टीव्हीवर तो फरक किती जणांना दिसणार? कॅसेट मध्येच संपली, हे मात्र आजीलाही कळतं!

आणखी एक. सोनीनं बीटा कुणाला बनवूच दिलं नाही, असंही तुम्ही ऐकाल. तसं नाही. तोशिबा आणि सान्यो बीटाची मशीनं बनवत होत्याच. पण व्हीएचएसचा गोतावळा मोठा होता: मात्सुशिता, हिताची, शार्प, मित्सुबिशी आणि कितीतरी. दुकानात मशीनं जास्त आणि भावात घासाघीस जास्त.

पुढचं काम केलं व्हिडिओ लायब्ररीनं. ऐंशीच्या दशकात आपल्याकडेही त्या गल्लोगल्ली निघाल्या होत्या. समजा, लायब्ररी तुमची आहे. फळीवर जागा थोडी, गल्ल्यात पैसे थोडे. गिऱ्हाइकांपैकी सात जणांकडे व्हीएचएस, तिघांकडे बीटा. नवा पिक्चर कशावर घ्याल? व्हीएचएसवरच ना? मग नवं मशीन घेणारा अकरावा माणूस तुमची फळी बघतो आणि तोही व्हीएचएसच घेतो. आता आठ विरुद्ध तीन! त्या तिघांचं मशीन मुळीच बिघडलेलं नसतं, पण लावायला त्यांना नवा पिक्चर मिळत नाही.

१९८८ मध्ये खुद्द सोनीच व्हीएचएसची मशीनं विकू लागली. बीटाची मशीनं बनवणं थांबलं २००२ मध्ये, तर कॅसेट २०१६ पर्यंत निघत होती.

पण बीटाची एक बहीण भलतीच नशीबवान निघाली बरं का! १९८२ मध्ये सोनीनं तशाच छोट्या कॅसेटवर टीव्हीच्या बातमीदारांसाठी 'बीटाकॅम' काढला. त्यात टेप घरगुती बीटापेक्षा कितीतरी वेगानं पळायची आणि चित्र झकास यायचं. छोटी कॅसेट जेमतेम अर्धा तास पुरायची. कॅमेरामननी काही तक्रार केली नाही. बातमी असते किती, दोन मिनिटांची!