मोगलाईतले, वऱ्हाडातले आणि गावातले

स्थानिक आणि बाहेरचा हा भेद जगातील बहुतेक वस्त्यांनी आपापल्या बोलीत टोपणनावे घालून जपलेला आहे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमध्ये उन्हाळ्यात लोंढ्याने येणाऱ्या पर्यटकांना ‘एमेट’ म्हणजे मुंग्या म्हणतात, शेजारच्या डेव्हनमध्ये त्यांनाच ‘ग्रॉकल’ हे नाव आहे, आणि आयर्लंडच्या खेड्यात येऊन अनेक वर्षे राहिलेला माणूसही ‘ब्लो-इन’, म्हणजे वाऱ्याने उडत आलेला, ठरू शकतो. अशा नावांकडे गमतीचा शब्दसंग्रह म्हणून पाहण्याची पद्धत रूढ आहे, परंतु हिंगोली जिल्ह्यातील सेनगावसारख्या सीमेवरच्या गावी हेच प्रकरण तपासले, तर गमतीच्या तळाशी महसूल, नोकऱ्या आणि जमीन सापडते.

सेनगाव तालुका मराठवाड्यात असून त्याच्या उत्तरेला लागून असलेला रिसोड तालुका वाशीम जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात, आहे. शिवाराला शिवार लागलेले आहे, काळी माती आणि सोयाबीन दोन्हीकडे सारखेच आहे, सोयरिकीही पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या आहेत. तरीही रिसोडकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी सेनगाव ‘मोगलाईत’ असते आणि सेनगावची माणसे पलीकडच्यांना ‘वऱ्हाडातले’ म्हणतात. ‘मोगलाई’ म्हणजे निजामाचे राज्य. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजाम-उल-मुल्क हा मूळचा मोगलांचा दख्खनमधील सुभेदार असल्याने मराठ्यांनी त्याच्या मुलखाला मोगलाई म्हटले, आणि दिल्लीची पातशाही लयाला गेली तरी हे नाव मराठीत टिकून राहिले.

यातली मौज अशी की वऱ्हाडही त्याच निजामाचे होते. 1853 च्या तहाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी ते इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, 1902 मध्ये सालिना 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिले गेले, आणि नावापुरती मालकी मात्र निजामाचीच राहिली. 1936 नंतर तर हैदराबादच्या युवराजाला ‘वऱ्हाडचा युवराज’ हा किताबही होता. म्हणजे ज्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड गेले, तिची एक छावणी हिंगोलीलाच होती, आणि त्या व्यवहाराने पलीकडे गेलेल्या लोकांनी अलीकडे राहिलेल्यांना मोगलाईतले म्हणायला सुरुवात केली. एका सह्यांच्या कागदाने शेजारी परमुलखातला झाला. पुढे इकडे उर्दूतून चालणारा कारभार आणि तिकडे मराठीतून चालणारी शाळा व कचेरी अशी तफावत पडत गेली, तसतसा त्या नावात थोडा तुच्छतेचा दर्पही उतरला. बेबंद कारभार दिसला की ‘ही काय मोगलाई लागून गेली आहे?’ असे आजही पुण्या-मुंबईचा मराठी माणूस सहज विचारतो, तेव्हा महाराष्ट्रातील एका अख्ख्या विभागाचे जुने नाव आपण शिवीसारखे वापरत आहोत, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

निजामाचे राज्य 17 सप्टेंबर 1948 रोजी संपले, 1 नोव्हेंबर 1956 पासून मराठवाडा आणि विदर्भ हे दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला; राजकीय सीमा पुसली गेली, कानाला कळणारी सीमा मात्र राहिली. ‘काय करायलास?’ असे विचारणारा मराठवाड्याचा आणि ‘काय करून राहिला?’ असे विचारणारा वऱ्हाडचा, हे तोंड उघडताच कळते. सीमेवरच्या गावांत ही दोन्ही रूपे मिसळतात, आणि म्हणूनच तिथला माणूस परभणीला गेला की वऱ्हाडी वाटतो आणि अकोल्याला गेला की मराठवाडी. बरोबरीच्या दोन शेजाऱ्यांमधली ही टोपणनावे बहुधा निरुपद्रवी असतात, कारण दोघांनाही एकमेकांवर ती फेकण्याची सारखीच मोकळीक असते आणि लग्नाच्या पंगतीत व्याह्याने व्याह्याची टर उडवण्यापलीकडे त्यांची मजल जात नाही.

जिथे देण्याघेण्याचा हक्क गुंतलेला असतो, तिथे मात्र असे नाव बोचते. पेशवाईच्या अखेरीस महाराष्ट्रातील गावात शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. वंशपरंपरेने जमीन कसणारा तो ‘मिरासदार’ किंवा ‘थळकरी’, आणि बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा तो ‘उपरी’. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जो अहवाल दिला, त्यातही हा भेद नोंदलेला आहे. मिरासदारावर साऱ्याचा बोजा बहुधा अधिक असे, पण त्याला जमिनीवरून उठवता येत नसे आणि ती विकण्याचा अधिकारही त्याला होता. उपऱ्याला धारा कमी पडे, मात्र त्याचा गावाशी असलेला संबंध करारापुरता. अर्थात उपरी हा मुळात महसुली दप्तरातील शब्द होता आणि त्यात हेटाळणी असायलाच हवी होती असे नाही. ती नंतर आली, आणि लक्ष्मण माने यांनी 1980 मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले तेव्हा तो शब्द एका अख्ख्या भटक्या समाजाच्या वाट्याला आलेल्या बेदखलपणाचा झाला. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त फिरस्त्यांचा विचार गावावरचा भार म्हणून झालेला आहे, त्या भाराच्या बाजूने लिहिले गेलेले पुस्तक यायला पुढे पासष्ट वर्षे लागली.

सेनगावच्या परिसराने याच भेदाची आणखी एक सरकारी आवृत्ती अनुभवलेली आहे. हैदराबाद संस्थानात सर सालारजंगाच्या काळापासून उत्तर हिंदुस्थानातून अधिकारी आणले गेले, त्यामुळे संस्थानातले सुशिक्षित अस्वस्थ झाले आणि ‘मुल्की’ म्हणजे मुलखातला आणि ‘गैरमुल्की’ म्हणजे बाहेरचा, असा वाद उभा राहिला. 1919 च्या निजामी फर्मानाने मुल्की कोणाला म्हणावे हे ठरवले: जन्माने संस्थानची प्रजा असलेला, किंवा संस्थानात किमान पंधरा वर्षे कायम वास्तव्य करून मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र देणारा. सरकारी नोकरी त्यालाच. कागदावर सेनगावचा कुणबी पूर्ण मुल्की होता. तथापि कचेरीची भाषा उर्दू, 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच, त्यामुळे या मुल्कीपणाचा त्याला उपयोग काय झाला असेल, हे सांगायला नको. भांडण हैदराबाद शहरातल्या शिकलेल्यांचे होते आणि नाव साऱ्या मुलखाचे. सप्टेंबर 1952 मध्ये हैदराबादेत गैरमुल्कींविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मेली. भूमिपुत्रांच्या नावाने चाललेल्या पुढच्या बहुतेक चळवळींचे, 1966 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या चळवळीसह, व्याकरण या वादात आधीच तयार झालेले दिसते.

मुंबईत तर सेनगावच्या माणसाला दुहेरी अनुभव येतो. कोकणातून आलेल्या जुन्या मुंबईकराने घाटावरच्या माणसाला ‘घाटी’ म्हटले आणि गोव्यातही हाच शब्द सह्याद्रीपलीकडून आलेल्या कोणालाही, मग तो कानडी असो की मराठी, लावला जातो. भूमिपुत्र म्हणून उत्तरेकडच्या ‘भय्या’वर चिडणारा मराठवाड्याचा तरुण त्याच चाळीत घाटी असतो, आणि पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या खोलीत राहू लागला की ‘करायलोय, जायलोय’ एवढ्यावरून ओळखला जातो. मग तो चारचौघांत क्रियापदे सांभाळून बोलू लागतो; हे सांभाळणे भाषाशुद्धीच्या खात्यावर जमा करणाऱ्यांनी त्याला त्यासाठी काय गमवावे लागले, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

खेड्यातला शिष्टाचार वरवर याच्या अगदी उलट आहे. अनोळखी माणूस एसटीतून उतरला की ‘पाव्हणं, कोणतं गाव?’ हा पहिला प्रश्न असतो, त्यात आदर असतो आणि चौकशीही असते. गाव कळले की तिथला एखादा सोयरा आठवतो आणि पाव्हण्याला चहा मिळतो. मात्र पाव्हणा मुक्काम वाढवून जमीन घेऊ लागला किंवा निवडणुकीला उभा राहिला, की त्याचे ‘बाहेरचा’ होते, आणि तो राजकीय पक्षाने पाठवलेला असेल तर ‘पार्सल’. कायद्याने विधानसभेला राज्यातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार उभा राहू शकतो, हे सर्वांना ठाऊक असूनही प्रचारात हा शब्द हमखास निघतो.

सर्वांत दीर्घकाळ बाहेरची राहते ती सून. रिसोडहून आलेली ती ‘रिसोडकरीण’, जिंतूरची ती ‘जिंतूरकरीण’. सासरी नातवंडे झाली तरी माहेरच्या गावाने केलेली ही खूण सुटत नाही, आणि तिच्या माहेरी तर ती लग्नाच्या दिवसापासून पाहुणी झालेली असते. घरजावयाला गावात मान कमी मिळतो तो याच कारणाने, की त्याने स्त्रीची जागा पत्करली असे मानले जाते. 1919 च्या मुल्की नियमांत मुल्की पुरुषाची पत्नी ही मुल्की, असे कलम होते. 2024 च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी सेनगावच्या सेतू केंद्रापासून मुंबईपर्यंत रांगा लागल्या, अधिवास प्रमाणपत्राची अट जाचक ठरली आणि शासनाने ती शिथिल केली, तेव्हा पर्याय म्हणून चालणाऱ्या कागदांत पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड होते, आणि परराज्यात जन्मलेल्या स्त्रीने महाराष्ट्रातील रहिवासी पुरुषाशी विवाह केला असल्यास पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल, अशी तरतूद होती. निजाम गेला, पंधरा वर्षे आणि नवऱ्याचा कागद राहिला.