आबांचा गुडघा आणि राहून गेलेला पंचनामा



या आठवड्यात शाळूच्या कोळपणीवर लिहायचं होतं. ते थोडक्यात सांगतो. ओल अजून चांगली आहे, पहिली कोळपणी राहिली असेल तर उरकून घ्या. पोंग्यात अळी दिसायला लागलीय, सकाळी सकाळी दहा-वीस रोपं उकलून बघत चला. बाकीचं पुढच्या वेळी. आज आमच्या आबांबद्दल लिहितो, कारण तीन दिवस तेच डोक्यात फिरतंय.

आबा माझे चुलतभाऊ, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी थोरले. मिलिटरीत चोवीस वर्षं काढली, 2019 ला हवालदार म्हणून घरी आले. आमच्या सातारा जिल्ह्यात मिलिटरीतनं आलेला माणूस म्हणजे काही नवल नाही. पण आबा भांगलायला बसले की लोक बघतात. उजवा पाय लांब सरळ टाकून बसतात आणि तसंच सरकत सरकत पुढं जातात. गुडघा वाकतच नाही.

तो कसा गेला ते त्यांनीच सांगितलेलं. उंचावरच्या चौकीला सामान पोचवताना बर्फात पाय घसरला, पाठीवर ओझं, गुडघा पिळला. दोघांनी खांद्याला धरून खाली आणलं. तिथल्या डॉक्टरनं पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, आठ दिवस आराम. इजेचा रीतसर रिपोर्ट करायचा असतो, तो झाला नाही. आबांनीही धरून लावलं नाही, कारण पुढं प्रमोशनचा कोर्स होता. मेडिकल कॅटेगरी खाली गेली की प्रमोशन अडकतं, वाढीव नोकरीही मिळत नाही. म्हणून गडी दुखणं दाबून पळत राहिला. असे किती जण पळत असतील, विचारा तुमच्या गावातल्या फौजींना.

रिटायर होताना शेवटचा मेडिकल बोर्ड होतो. बोर्डानं लिहिलं, गुडघ्याची झीज, अपंगत्व 20 टक्के, पण नोकरीमुळं झालेलं नाही आणि नोकरीमुळं वाढलेलंही नाही. संपलं. अपंगत्व पेन्शनला दोन्ही गोष्टी लागतात, अपंगत्व 20 टक्के किंवा त्याच्यावर आणि नोकरीशी संबंध. पहिली पूर्ण, दुसरी नाही. अपील केलं, ते फेटाळलं. कारण एकच, त्या पडण्याचा कागद दाखवा.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला पाहिजे. पिकाचं नुकसान झालं की 72 तासांत कळवा, नाहीतर पंचनामा नाही, पंचनामा नाही तर भरपाई नाही, असाच 2025 च्या खरिपाआधी आपल्या पीक विम्याचा नियम होता. ज्याचं शेत खरोखर पाण्यात असायचं तो त्या 72 तासांत चर काढत असायचा, मोबाईलवर फोटो चढवत बसायचा नाही. फोटो चढवायला सवड असायची ती भलत्यालाच.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर माझं लिहिणं एकतर्फी होईल. अपंगत्व पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो, हे खुद्द फौजेच्या वरिष्ठांनीच कबूल केलंय. कॅगनं 2015-16 ते 2019-20 या वर्षांची तपासणी केली, त्यात दरवर्षी रिटायर होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी 40 टक्क्यांच्या आसपास लोक अपंगत्व पेन्शन घेऊन गेलेले दिसले. जवान आणि जेसीओ मिळून हाच आकडा 18 टक्क्यांच्या आसपास. चौकीवर ओझं वाहतो कोण आणि टक्का जास्त कुणाचा, बघा. पुष्कळ प्रकरणं बीपी आणि शुगरची. बीपी खोटं असतं असं मी म्हणत नाही. सहा-सहा महिने घरापासून लांब, झोप नाही, डोक्यावर ताण, त्यानं बीपी होणारच. पण प्रमोशनपर्यंत ठणठणीत आणि शेवटच्या वर्षातच आजारी, अशा केसेसची चर्चा फौजींच्या कट्ट्यावरही असते. आबा स्वतः सांगतात आणि सांगताना त्यांचा चेहरा बघवत नाही.

आता हिशोब मांडतो. अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगारावर ठरतो, 100 टक्के अपंगत्वाला पगाराच्या 30 टक्के. 20 टक्के अपंगत्व असलं तरी ते 50 धरतात, म्हणजे पगाराच्या 15 टक्के. आबांना मिळाले असते तर महिना साडेसहा हजारांच्या आसपास, वर महागाई भत्ता. दोन लाख पगाराच्या अधिकाऱ्याला त्याच 20 टक्क्यांवर 30 हजार. आणि नवा भरती झालेला शिपाई, मूळ पगार 21,700, वर मिलिटरी सर्व्हिस पे 5,200, तो गाडीच्या अपघातात पाय गमावून घरी आला आणि अपंगत्व 50 टक्के धरलं, तर त्याच्या वाट्याला 4,035. ज्याला त्या पायावर पन्नास वर्षं काढायचीत त्याला सगळ्यात कमी.

सातव्या वेतन आयोगानं 2015 ला म्हटलं होतं की टक्केवारी काढून ठरावीक रक्कम द्या. 100 टक्के अपंगत्वाला अधिकाऱ्यांना 27 हजार, जेसीओंना 17 हजार, जवानांना 12 हजार. फौजेतून मोठा विरोध झाला. सिव्हिल नोकरांना टक्केवारी आणि आम्हाला ठोक रक्कम का, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्य होतं. शेवटी टक्केवारीच राहिली. मला विचाराल तर त्या कोवळ्या शिपायाला 4,035 च्या जागी 6,000 मिळाले असते. आबांचे मात्र चार-पाचशे कमी झाले असते. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘मला आधी काहीतरी मिळू दे, मग कमी कर.’’

21 सप्टेंबर 2023 पासून संरक्षण मंत्रालयानं नवे नियम लावले, त्या तारखेनंतर रिटायर होणाऱ्यांसाठी. बीपी-शुगरसारख्या आजारांची चाळणी बारीक केली. अपंगत्व असूनही नोकरीत ठेवून घेतलेल्यांसाठी पेन्शन हा शब्द जाऊन इम्पेअरमेंट रिलीफ आला. माजी सैनिकांच्या संघटनांनी आवाज उठवला. गैरवापर थांबवायचा हे बरोबरच. माझी भीती वेगळी आहे आणि ती आपल्या पीक विम्यावरून आलीय. 2023 च्या खरिपाला एक रुपयात विमा आला. सरकारी जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबारावर, नसलेल्या बागांवर अर्ज निघाले. मग 2025 च्या खरिपापासून एक रुपया गेला, स्थानिक आपत्ती गेली, काढणीनंतरचं नुकसान गेलं, उरला फक्त पीक कापणी प्रयोग. बोगस अर्ज भरणारे पैसे घेऊन मोकळे झाले. ज्याच्या एकट्याच्या शिवारात गारपीट झाली तो बसला हात चोळत. कृषी खात्यातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

खरं तर कायदा आबांच्या बाजूनं आहे. 2013 ला सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजार लिहिलेला नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं आणि संबंध नाही हे सरकारनं दाखवायचं. हा गडी 1994 ला घरी पाठवलेला, म्हणजे निकालाला एकोणीस वर्षं. त्यानंतरही खात्याची अपिलं चालूच राहिली. 2025 ला दिल्ली हायकोर्टानं सरकारच्या अशा शेकडो याचिका फेटाळल्या. वकिलावर होणारा हा खर्च शेवटच्या वर्षात अचानक आजारी पडणाऱ्यांच्या तपासणीवर करा ना. प्रमोशनला फिट आणि रिटायरमेंटला अपंग, अशा फायली दुसऱ्या, बाहेरच्या बोर्डाकडं पाठवा. आणि कुठल्या हुद्द्याच्या किती जणांना पेन्शन मिळाली ते दरवर्षी छापा.

अग्निवीरांच्या घरच्यांनो, तुम्ही तर हे नीट वाचा. त्यांना पेन्शन नाही. नोकरीमुळं अपंगत्व आलं तर एकरकमी मिळतात, 100 टक्क्यांना 44 लाख, 75 ला 25 लाख, 50 ला 15 लाख. तिथंही ‘नोकरीमुळं’ हाच शब्द आहे. पोराला फोनवर सांगा, पडलास, लागलं, कान दुखावला, तर त्याच दिवशी लिहून घे. इजेचा रिपोर्ट माग, चिठ्ठीचा फोटो घरी पाठव. प्रमोशन चार महिने उशिरा झालं तरी चालेल. आबांना हे सांगणारं कुणी नव्हतं आणि मीही तेव्हा शाळेत होतो.

आबा आता लष्करी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जाणार आहेत. पुढच्या आठवड्यात वकिलाला भेटायचंय, सोबत मी जातोय, म्हणून शाळूचं पाणी दोन दिवस पुढं ढकललंय. वकील म्हणतो, कागद नसला तरी साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र उपयोगी पडेल. त्या दिवशी बर्फातून खाली आणणारे दोघं, एक मिरजेकडचा आणि एक बेळगावकडचा, दोघंही आबांच्या आधी रिटायर झालेत. फोन नंबर कधीच बदललेत. तुमच्यापैकी कुणाच्या गावात चौकीवरून गुडघा मोडलेला हवालदार खाली आणल्याची गोष्ट सांगणारा फौजी असेल, तर त्याला हे वाचून दाखवा.